शेवटच्या प्रसंगातला पिवळा स्पॉट

एकांकिका स्पर्धा केलेल्या कुणालाही शेवटचा पिवळा स्पॉट समजावून सांगावा लागत नाही. पाऊण तास रंगमंचावर मारझोड, उपासमार, कर्ज, पंचनामा असं सगळं होऊन गेलेलं असतं. मग काळोख. मग एका कोपऱ्यात हळूहळू पिवळा उजेड येतो. त्यात एक बाई. तिच्या हातात मूल, नाहीतर पाटी, नाहीतर बियाण्याची पिशवी. मागे बासरी. ती उजेडाकडे दोन पावलं टाकते, फेडआऊट होतो आणि टाळ्या पडतात. बाहेर पोरं ढोल घेऊन तयारच असतात, ‘आवाज कुणाचा’ सुरू होतं.

हा स्पॉट मी केलेला आहे. म्हणजे त्या उजेडात मी नव्हतो. मी तोवर मेलो होतो आणि विंगेत बसून तोंडावरचा रंग पुसत होतो.

त्याबद्दल आत्ता लिहायचं कारण असं. आमचा सात-आठ जणांचा एक ग्रुप आहे. सगळे आयटीतले, बहुतेक जण कधीतरी कॉलेजच्या नाटकात असलेले आणि आता हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये म्हातारे होत चाललेले. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून आम्ही संहिता वाचतो. या वेळी ठरलं की जरा मोठं करू, वीस-पंचवीस लोकांना बोलवू, तीन छोटी नाटकं वाचू. विषय व्हॉट्सॲपवर ठरला: ज्यांना समाजाने कडेला ठेवलं त्या लोकांनी स्वतः लिहिलेली, काहीतरी गमावण्याबद्दलची आणि त्यातून तगून राहण्याबद्दलची नाटकं. निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का, तर माझ्याकडे अभिनयाचं सर्टिफिकेट आहे.

आधी विषयाच्या नावावरूनच अर्धा तास गेला. मेसेज टाकणाऱ्याने ‘लॉस अँड रेझिलियन्स’ लिहिलं होतं. मराठीत काय म्हणायचं? ‘लवचीकता’ योगासनासारखी वाटली. ‘उभारी’वर बरेच जण खूश होते, पण त्यात मला बासरी ऐकू यायला लागली. मी ‘तग धरणं’ सुचवलं. आमच्या गावाकडे पिकाबद्दल म्हणतात, बाजरीने तग धरली. यातली गंमत अशी की पिकाने तग धरली असं म्हणतात तेव्हा पाऊस अजून आलेला नसतो.

रेझिलियन्स या शब्दाला आमच्या धंद्यात मात्र नेमका अर्थ आहे. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्याने त्याचं काम उचलायचं, डेटाबेसची एक प्रत गेली तर दुसरी पुढे करायची, आणि हे सगळं असं करायचं की युजरला काही कळता कामा नये. त्याच्या फोनवरचं चक्र दोन सेकंद जास्त फिरलं तरी दुसऱ्या दिवशी आम्हाला उत्तर द्यावं लागतं. काय मोडलं, रात्री तीन वाजता कुणाला उठवलं, हे समोरच्याला न कळणं हीच आमच्या कामाची शाबासकी. मला हळूहळू लक्षात आलं की पिवळा स्पॉट हेच काम करतो. आतमध्ये काय मोडलंय ते प्रेक्षकाला दाखवायचं, पण तो घरी जाताना त्याच्या फोनवरचं चक्र फिरत राहता कामा नये.

*

आमची ती एकांकिका २०१६ची. नाव सांगत नाही. लिहिणारा मित्र आता बंगळुरूला आहे आणि तो अतिशय सज्जन माणूस आहे. विषय होता पोलीस कोठडीत मेलेला पारधी तरुण. तो तरुण मी. मला पारधी कसे बोलतात ते माहीत नव्हतं, म्हणून सोलापूरकडच्या एका मित्राने जे काही नक्कल म्हणून करून दाखवलं ते मी घेतलं. माझ्या मूळच्या रंगावर आणखी एक थर चढवला. मार खाण्याचा प्रसंग आम्ही सोळा दिवस बसवला, त्यात एक स्लो मोशन होता, त्याला टाळ्या मिळायच्या. शेवटी माझी बायको मूल कडेवर घेऊन पिवळ्या उजेडात चालत जायची. मला अभिनयाचं बक्षीस मिळालं. आईने सर्टिफिकेट फ्रेम करून हॉलमध्ये लावलं.

त्या दिवशी प्रयोगानंतर मागच्या दाराशी एक मुलगा भेटला. दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजच्या बॅकस्टेजला होता. काम चांगलं केलंस म्हणाला. मग विचारलं, ‘तुझ्या पात्राचं आडनाव काय होतं?’ आमच्या संहितेत आडनाव नव्हतंच. नुसतं ‘काळ्या’ होतं. तो म्हणाला, आमच्यात पवार असतात, भोसले असतात, काळे, शिंदे असतात. ‘आमच्यात’ हा शब्द मला उशिरा ऐकू आला. तोवर त्याने पुढचं विचारलं होतं: ‘आणि मेल्यावर पुढं काय झालं त्याचं?’

मी म्हणालो, पुढे काय, नाटक संपलं.

तो हसला आणि लेव्हल उचलायला गेला.

मी त्याला नंतर शोधलंबिधलं नाही. अशा गोष्टींत लोक शोधतात आणि मग मैत्री होते, तसं काही झालं नाही. पण या वेळी नाटकं निवडायला बसलो तेव्हा माझ्याकडे दुसरा कुठलाच निकष नव्हता, हा एक प्रश्न होता. मग पंधरा-वीस संहिता मी त्याच प्रश्नाने वाचल्या. मेल्यावर पुढं काय झालं?

हा प्रश्न लावला की संहितांचे सरळ दोन ढीग पडतात. बाहेरून लिहिलेल्या बऱ्याचशा एकांकिका मरणाकडे चढत जातात. मरण हा त्यांचा क्लायमॅक्स असतो, त्यानंतर उरतो तो उजेड. आतून लिहिणाऱ्याला मात्र माहीत असतं की मरण दुपारी दोन वाजता झालं तर चार वाजता कुणाला तरी सही करायची असते. प्रेत ताब्यात घ्यायचं असतं, कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवणारा माणूस शोधायचा असतो. दुःख करायला वेळ मिळेलच असं नाही.

*

माझ्या यादीत पहिलं आलं ते ‘बुधन’. मराठी नाटक नाही हे, हिंदीत आहे, अहमदाबादच्या छारानगरातलं आहे. तरी ते का, हे सांगायला जरा मागे जावं लागेल.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत असं त्यात धरलं होतं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, काहींना तर तारेच्या कुंपणात ठेवायचं. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ला हा कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या नजरेत फारसा फरक पडला नाही. आपल्याकडचे पारधी, गुजरातचे छारा, बंगालचे खेडिया शबर यांची भाषा वेगळी, प्रदेश वेगळा, पण इतिहासातलं हे पान एकच.

बुधन शबर पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला. फेब्रुवारी १९९८मध्ये तो बायकोसोबत, श्यामलीसोबत, सायकलवरून चालला होता. वाटेत पानाच्या दुकानापाशी थांबला. तिथून त्याला पोलिसांनी उचललं. आठवड्याभरात तो तुरुंगात मेला. गमछाने गळफास घेतला असं सांगण्यात आलं. महाश्वेता देवी आणि शबरांच्या संघटनेने कलकत्ता उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी त्याच वर्षी नुकसानभरपाईचा आणि सीबीआय चौकशीचा आदेश दिला. तो निकाल वाचून छारानगरातल्या पोरांनी नाटक बसवलं. लिहिलं दक्षिण बजरंगे यांनी. पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९९८ला, विमुक्त दिनी, छारानगरातच. पुढे त्या मंडळींचं नावच बुधन थिएटर पडलं. ज्या वस्तीची ओळख शहराला दारूच्या भट्ट्या आणि चोऱ्या एवढीच होती, तिथल्या पोरांनी हजार मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाचं नाव घेतलं.

आता वाङ्मय म्हणून विचाराल तर ‘बुधन’ ओबडधोबड आहे. आमच्या ग्रुपमध्ये एकीने लिहिलं, ‘हे डॉक्युमेंटरीसारखं वाटतंय.’ तिचं चूक नाही. सूत्रधारांसारखे निवेदक येऊन माहिती देतात, पोलिसांना काळ्या रंगाशिवाय दुसरा रंग नाही, शेवटी नट प्रेक्षकांसमोर उभे राहून थेट प्रश्न विचारतात. आमच्या एकांकिकेत याहून कितीतरी जास्त ‘सबटेक्स्ट’ होता. संहिता नुसती वाचली तर पातळ वाटते, कारण ती रस्त्यावर, चौकात, नटांच्या अंगावर उभी राहायला केलेली आहे. हे मला केरिम फ्रीडमन आणि शाश्वती तालुकदार यांचा २०११चा ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ हा माहितीपट पाहिल्यावर कळलं. कंपनीच्या बसमध्ये, फोनवर, हेडफोन लावून पाहिला. पोलिसाचं काम करणारा पोरगा ज्या सफाईने लाथ मारतो, ती सफाई तालमीत शिकवलेली नाही. त्याने ती लाथ प्रेक्षक म्हणून खूप वेळा पाहिलेली आहे. आमचा स्लो मोशन आठवून मला बसमध्येच घाम फुटला.

पण मी ते निवडलं ते लाथेमुळे नाही. नाटक मरणाशी थांबत नाही म्हणून. आणि या प्रकरणात मरणानंतर जे प्रत्यक्ष घडलं त्याला तोड नाही. बुधनचं प्रेत घरच्यांच्या ताब्यात आलं. ते लवकरात लवकर जाळलं जावं असा दबाव होता. जळलं की अंगावरच्या खुणाही जळाल्या. शबरांनी काय केलं? त्यांनी बुधनचा पुतळा करून तो जाळला, आणि खरं प्रेत त्याच्याच झोपडीच्या जमिनीत पुरून ठेवलं. पुढे कोर्टात लढताना तेच प्रेत पुरावा झालं, पुन्हा शवविच्छेदन झालं. दिलीप डिसूझा यांच्या ‘ब्रँडेड बाय लॉ’ या पुस्तकात हे सगळं आहे.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत गेलो होतो. ज्या लोकांना लिहितावाचता येत नाही असं आपण धरून चालतो, त्यांना पुरावा म्हणजे काय ते नेमकं कळत होतं. आणि त्याची किंमतही किती! आपल्या माणसाच्या नावाने गवताचा पुतळा जाळायचा, त्याच्यासमोर रडायचं, कारण पाहणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे, आणि मग ज्या जमिनीखाली तो आहे त्याच घरात परत यायचं. आमच्या नाटकात श्यामलीच्या जागी असलेल्या बाईला आम्ही फक्त दोन पावलं चालायला लावली होती. तिला हे करायला लावायचं आम्हाला सुचलंच नसतं. सुचलं असतं तर ‘पटणार नाही’ म्हणून काढून टाकलं असतं.

*

बुधन थिएटरच्या नाटकांची यादी पाहताना दुसरं एक नाव दिसलं. ‘पिन्या हरी काले की मौत’. पिन्या हरी काळे, पारधी, १९९८च्या जून महिन्यात, पोलिसांच्या ताब्यात असताना मेला. गाव बारामती.

मी फलटणच्या बाजूचा. आमच्याकडे चष्मा करायचा असला, लग्नाचा बस्ता बांधायचा असला, जरा मोठा दवाखाना हवा असला की बारामती. तीसेक किलोमीटर. १९९८मध्ये मी दोन वर्षांचा होतो. पुढे दहा वर्षं आजी संध्याकाळी ओरडायची ते आठवतं, पारधी उतरलेत ओढ्याला, कोंबड्या आत घ्या. कोंबड्या आत घेत मी मोठा झालो, मग पुण्याला गेलो, मग पारध्याचं काम करून बक्षीस मिळवलं, आणि या सगळ्यात पिन्या हरी काळे हे नाव मी एकदाही ऐकलं नाही. ऐकलं ते अहमदाबादच्या नाटकाच्या यादीत.

वडिलांना फोन करून विचारलं. त्यांना आठवत होतं. ‘हां, झालं होतं तसलं काहीतरी,’ म्हणाले, आणि कारखान्याने अजून उसाचं बिल काढलं नाही ते सांगायला लागले.

इथे सोपं उत्तर असं की बाहेरच्याने लिहूच नये. मला ते पटत नाही. छारांनी शबरावर लिहिलंच की. पिन्यावर लिहिलं तेही छारांनीच. १९९८मध्ये विमुक्तांच्या हक्कांसाठी जो गट उभा राहिला त्यात महाश्वेता देवी होत्या, गणेश देवी होते, आणि ‘उचल्या’ लिहिणारे आपले लक्ष्मण गायकवाडही होते. तीन माणसं, तीन भाषा. माझ्या मित्राचा गुन्हा तो मराठा घरातला होता हा नाही. त्याने गावाला नाव दिलं नाही, मेलेल्याला आडनाव दिलं नाही, वर्ष दिलं नाही. ‘वैश्विक’ व्हावं म्हणून. आडनाव काळे असतं आणि गाव बारामती असतं तर प्रेक्षकांतल्या निम्म्या लोकांनी खुर्चीत चुळबुळ केली असती. माझ्या वडिलांनीही केली असती. कुठली गोष्ट गाळली की बरं वाटतं, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. शिकून ते बदलता येतं, पण आपोआप बदलत नाही.

*

दुसरं नाटक निवडताना माझा लाडका निकष फसला. प्रेमानंद गज्वी यांचं ‘घोटभर पाणी’. सत्तरच्या दशकातली ही एकांकिका आपल्याकडे इतकी झाली आहे, इतक्या भाषांत गेली आहे, की स्पर्धेच्या मुलांना ती ‘जुन्यातली’ म्हणून माहीत असते. गज्वी २०१९च्या नागपूरच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते, म्हणजे तोवर व्यवस्थेनेही त्यांना खुर्ची दिली होती. नेपथ्य लागत नाही, दोन नटांवर चालते. तहान आहे आणि पाणी मिळत नाही. प्रसंग बदलतात, माणसं बदलतात, पाणी मिळत नाही.

मेल्यावर पुढं काय झालं? इथे कुणी त्या अर्थाने मरतच नाही. पुढं काही होतच नाही. गोल गोल फिरत ती परत तहानेवर येते. पहिल्यांदा वाचताना मी इंजिनिअरसारखा वैतागलो, हा लूप आहे, याला बाहेर पडायची अट कुठे आहे? मग कळलं की अट लिहायची राहून गेलेली नाही. महाडचं चवदार तळं २० मार्च १९२७चं. गज्वींनी लिहिलं ते त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. पन्नास वर्षांनी एखाद्याला तहानेवर लिहावंसं वाटत असेल, तर बाहेर पडायची अट नाटकात घालणं म्हणजे खोटी नोंद करणं.

तग धरणं इथे कथेत नाही, नटांच्या कामात आहे. एकच नट आत्ता पाणी मागतो आणि पुढच्या क्षणी पाणी नाकारणारा होतो. नाकारणाऱ्याचा आवाज त्याला किती अचूक काढता येतो! तो आवाज त्याच्या कानात लहानपणापासून बसलेला आहे. खालचा माणूस वरच्याची नक्कल नेहमीच जास्त चांगली करतो, त्याला ती जगायला लागते. मी केलेली पारध्याची नक्कल आणि ही नक्कल यात हा फरक आहे.

ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘हे आता थोडं जुनं नाही का वाटत? पाण्याचा इश्यू वगैरे.’ बराच वेळ कुणाचं तरी ‘टायपिंग’ दिसत राहिलं, बंद झालं, परत दिसलं. मग आमच्यातल्या एका मैत्रिणीने, जी या विषयांवर कधीच काही बोलत नाही, एवढंच लिहिलं: ‘यातला एक रोल मी वाचणार.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. ‘घोटभर पाणी’ यादीत पक्कं झालं.

तिसऱ्यासाठी मी अण्णा भाऊ साठे सुचवले आणि सगळे चमकले. ‘अकलेची गोष्ट’. लोकनाट्य आहे, हसायला येतं, यात लॉस कुठे आहे? वाटेगावात मांग कुटुंबात जन्मलेला, मुंबईत गिरणीत राबलेला माणूस १९४४मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढतो आणि शेतकऱ्याला नाडणाऱ्यांची टर उडवतो. ज्याचं सगळं गेलंय त्याने विनोद केला तर तो आपल्याला विषयाबाहेरचा वाटतो. आपल्याला त्याने रडलेलं हवं असतं, निदान गंभीर तरी असावं. एक कबुली द्यायला हवी, ढोलकीशिवाय हे नाटक नुसतं वाचलं की निम्मं मरतं. म्हणून त्यातले मोजकेच तुकडे घेतोय, आणि एकाचा भाऊ ढोलकी वाजवतो, त्याला बोलावलंय.

गाळलं ते बरंच गाळलं. दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ पूर्ण लांबीचं म्हणून गेलं, त्याची हळहळ आहे. चळवळीतल्याच तीन पिढ्या एकमेकांशी भांडतात, म्हणजे तिथे दुःखी लोकांना मतंही आहेत. राजकुमार तांगडे यांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ही त्याच कारणाने गेलं. आणि एक अतिशय सफाईदार, बक्षिसांनी लादलेली, शेतकऱ्याच्या विधवेवरची एकांकिका मी गाळली, तिच्यावरून वाद झाला. ‘शेवटी होप आहे रे त्यात,’ असं मला सांगितलं गेलं.

होपला माझा विरोध नाही. उलट याच निमित्ताने मी महात्मा फुल्यांचं ‘तृतीय रत्न’ परत वाचलं. १८५५चं. जोशी एका कुणबी नवरा-बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, विदूषक मधे मधे त्याची सालं काढतो. फुल्यांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं होतं. कमिटीने नाकारलं. छापून आलं ते १९७९मध्ये, म्हणजे लिहिल्यावर सव्वाशे वर्षांनी. नाटकं निवडणाऱ्या कुठल्याही माणसाने हे आकडे समोर ठेवून बसावं. मी बसलो होतो. कमिटीतल्या लोकांनाही आपण चांगलंच काहीतरी निवडतोय असं वाटत असणार.

तर या नाटकाचा शेवट आशेचा आहे. लुबाडलेला कुणबी आणि त्याची बायको रात्रीच्या शाळेत शिकायला जायचं ठरवतात. फुल्यांच्याच शाळेत! म्हणजे लेखक प्रेक्षकाला सांगतोय की शाळा आहे, रात्री भरते, या. पिवळ्या स्पॉटमध्ये चालत जाणाऱ्या आमच्या बाईला मी विचारलं असतं की कुठे निघालीस, तर तिच्याकडे सांगायला पत्ता नव्हता.

*

वाचन पुढच्या शनिवारी आहे. परवा तालीम झाली, ऑफिस सुटल्यावर, एका मित्राच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. ‘बुधन’ हिंदीतच वाचायचं ठरलंय. मी मराठी करायला घेतलं होतं, पण दोन पानांत लक्षात आलं की माझ्या हाताखाली शबरांची बोली हळूहळू माझ्या २०१६च्या पारध्यासारखी व्हायला लागली आहे. फाइल डिलीट केली. सुरुवातीला मात्र पिन्या हरी काळेचं नाव, महिना, वर्ष आणि गाव मराठीत वाचणार आहोत. त्यासाठी एक वाक्य लिहिलंय, त्यात विशेषण नाही.

बुधनचं काम कोण वाचणार यावर सगळे माझ्याकडे बघत होते, अभिनयाचं सर्टिफिकेट वगैरे. मी पोलीस घेतला. संवाद फार नाहीत, पण ते म्हणताना आवाज कुठून आणायचा याचा विचार करावा लागला नाही. ओढ्याला पाल पडलं की गल्लीतली मोठी माणसं ज्या आवाजात बोलायची, तो आवाज तसाच निघाला. पहिल्याच वाचनात. श्यामली वाचणारी मैत्रीण मधेच थांबली, म्हणाली, एवढा नको. मग म्हणाली, नाही, राहू दे.

शेवटचा प्रश्न उजेडाचा होता. क्लब हाऊसमध्ये दोनच ट्यूबलाइट आहेत, दोन्ही एकाच बटणावर. एकाने विचारलं, शेवटी निदान एक बंद करता येईल का, जरा मूड येईल. वॉचमनने सांगितलं, बंद केल्या तर दोन्ही बंद होतील. आम्ही चालूच ठेवतोय.